एम१ मॅकवर होमब्रू: लिंकरला एआरएम६४ हवं, लायब्ररी इंटेलची

प्रश्न: सीमेक (प्रोग्रॅम बिल्ड करायचं टूल) त्यांच्या साइटवरून घेतलंय, ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) होमब्रूने, म्हणजे मॅकवर पॅकेज टाकणाऱ्या टूलने टाकलंय. कंपाइल नीट होतं. लिंक करताना (कंपाइल झालेला कोड लायब्ररीशी जोडताना) 'फाइल एक्स८६_६४ ची आहे', म्हणजे इंटेलची, एम१च्या एआरएम६४ची नाही, अशी वॉर्निंग येते आणि खाली अनडिफाइंड सिम्बॉल्सची रांग. ओपनएसएसएल पुन्हा टाकूनही तेच. काय करावं?

उत्तर १: 'व्हिच ब्रू' चालवा (ब्रू ही होमब्रूची कमांड). /यूएसआर/लोकल/बिन दिसलं तर ब्रूच इंटेलचा आहे; जुन्या मॅकवरून मायग्रेशन केलं की तो सोबत येतो. त्याने कितीही वेळा टाकलं तरी इंटेलचीच लायब्ररी मिळणार. एआरएमचा ब्रू /ऑप्ट/होमब्रूमध्ये बसतो. तो टाका आणि झेडप्रोफाइलमध्ये (टर्मिनल उघडताना चालणारी फाइल) त्याची 'ब्रू शेलएन्व्ह'ची ओळ घाला, म्हणजे नवा ब्रू आधी सापडेल. जुना लगेच उडवू नका, आधी पॅकेजांची यादी ब्रूफाइलमध्ये काढून ठेवा.

उत्तर २: नवा ब्रू टाकण्याआधी 'यूनेम -एम' बघाच. एक्स८६_६४ आलं तर टर्मिनल रोझेटात (इंटेलचे प्रोग्रॅम चालवणारी अ‍ॅपलची सोय) चाललंय. टर्मिनलच्या गेट इन्फोमधली रोझेटाची खूण काढा, नाहीतर इन्स्टॉलर पुन्हा इंटेलचाच ब्रू बसवेल.

उत्तर ३: आणि बिल्ड फोल्डर पूर्ण उडवा! त्यातल्या सीमेककॅश फाइलमध्ये लायब्ररीचा जुना पाथ तसाच राहतो, म्हणून सगळं बरोबर करूनही एरर जात नाही. शेवटी 'लिपो -आर्क्स' लायब्ररीवर चालवून ती एआरएम६४ची असल्याची खात्री करा.