फाळा, वर्गणी की देणगी?

बडोद्यातल्या मांजलपूरहून प्रश्न:
आमच्या मित्रमंडळाने रविवारी कमाटीबागेत पाच किलोमीटरची दौड ठेवली आहे. प्रत्येक धावणाऱ्यामागे घरचे, शेजारचे किलोमीटरला काही रुपये कबूल करतात. जमेल ते डायलिसिसवरच्या रुग्णांसाठी. मराठी पत्रकात मी 'आपला फाळा अवश्य द्यावा' असं लिहिलं, तर पुण्याहून आलेली मावशी हसत सुटली. काय चुकलं?

कोल्हापूरची, आता बडोदेकर:
हसली हे नशीब समजा! आमच्याकडे घरफाळा असतो, म्हणजे महापालिकेचा कर. थकला की नोटीस. इथे गुजरातीत 'फाळो आपवो' म्हणजे खुशीने वाटा उचलणं. माझ्या सासूबाई दोन्ही अर्थांनी वापरतात, आणि कुठला अर्थ विचारलं की रागावतात.

दांडिया बाजारातून:
दोन्हींच्या मुळाशी वाटणीच दिसते. मराठीत फाळणी, गुजरातीत फाळवणी. वाटा वरून लादला की कर, आपण होऊन उचलला की मदत. सरळ 'वर्गणी' लिहा.

मांजलपूर:
काका, वर्गणी म्हटलं की गणपती आठवतो. दारात चार पोरं आणि पावतीपुस्तक.

दांडिया बाजार:
असू दे की. क्रियापदं बघ: वर्गणी काढतात, गोळा करतात, प्रसंगी उकळतातही, देणगी नुसती देतात, दान करतात. देणगीदाराचं नाव फलकावर जातं, वर्गणीत सगळे सारखे. कर्करोगात पाय गमावलेला कॅनडाचा तरुण टेरी फॉक्स 1980 मध्ये एका कृत्रिम पायावर धावत कॅनडा ओलांडायला निघाला. कर्करोगाच्या संशोधनासाठी त्याचं मागणं होतं माणशी एक डॉलर. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाले आणि आजार उलटल्यामुळे थांबावं लागलं. पण माणशी एक डॉलर, ही अस्सल वर्गणी!

कोल्हापूर:
पटलं, पण इथे हिशोब माणशी नाही, किलोमीटरमागे आहे. अमुक इतकं धावलास तर तमुक इतके देईन. याला आपल्यात नवस म्हणतात. बोलायचा आणि फेडायचा.

मांजलपूर:
हाहा. 'नवस फेडा' छापलं तर लोक नारळ घेऊन येतील. श्रमदान कसं वाटतं?

दांडिया बाजार:
नको. श्रमदानानंतर मागे बांध राहतो, नाहीतर विहिरीतला गाळ निघालेला असतो. तुम्ही बागेला फेऱ्या मारून घरी जाणार, तेही टी-शर्ट घेऊन.

मांजलपूर:
'किलोमीटरमागे कबूल केलेली देणगी' असं छापतोय. लांबलचक आहे, पण कुणाला नोटीस आल्यासारखं वाटणार नाही. खाली 'फूल ना फुलाची पाकळी', कारण गुजराती पत्रकातही तीच म्हण चालते. वहीत पहिली नोंद समोरच्या आजींची झाली, नातवाच्या नावापुढे, जाड शाईत: 'किलोमीटरला रु. 20. मध्येच बसला तरी पाचाचे.'