विषय: जेलमधल्या भाच्याशी व्हिडिओ भेट, आई कराडला

नमस्कार मंडळी,

हे आपल्या मेलिंग लिस्टवर लिहावं की नाही, यात दोन दिवस गेले. माझा भाचा टेक्सासमध्ये एमएस करतोय. गेल्या आठवड्यात त्याला अटक झाली. आमच्या घरापासून चार तासांवरच्या काउंटी (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) जेलमध्ये आहे. केसबद्दल इथे काही लिहीत नाही, वकील बघताहेत. माझी ताई, म्हणजे त्याची आई, कराडला आहे आणि तिचं एकच चाललंय, "मला एकदा त्याचा चेहरा दाखव." दोनदा फोन आला त्याचा, पण नुसत्या आवाजावर तिचा जीव थाऱ्यावर येत नाही. व्हिडिओ भेटीचं अ‍ॅप घेतलं, तर ते तिचा भारतातला नंबरच घेत नाही. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. लिस्टवर नको वाटलं तर वेगळं लिहा.

– त्याची मावशी

* * *

ताई,

लिस्टवरच लिहितो, म्हणजे पुढच्या माणसाला दोन दिवस विचार करत बसावं लागणार नाही. माझा धाकटा भाऊ काही आठवडे काउंटी जेलमध्ये होता. तेव्हा मी कुणालाच विचारलं नाही आणि आमच्या आईची पहिली भेट वाया घालवली. खातं माझ्या नावावर होतं. आई नाशिकहून व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि मी तो फोन लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर धरला. तिनं "बाळा" म्हटलं आणि स्क्रीन काळी झाली. मंजूर नसलेल्या तिसऱ्या माणसाला जोडणं नियमात बसत नाही. माझं खातं महिनाभर बंद केलं. हे तुम्ही अजिबात करू नका.

तुमच्या कराडच्या ताईंचं स्वतःचं खातं उघडा. आधी शेरीफच्या (काउंटीचा पोलीसप्रमुख, जेल त्याच्याकडेच असतं) वेबसाइटवर भाच्याचा बुकिंग नंबर, म्हणजे अटकेच्या नोंदीचा नंबर, बघा, आणि जेलला फोन करून विचारा की अमेरिकेबाहेरून व्हिडिओ भेट चालते का. सगळीकडे चालत नाही. चालत असेल तर नंबरच्या रकान्याचं काय करायचं ते अ‍ॅपच्या कंपनीकडून फोनवर करून घ्या. आमच्या आईचं तसंच झालं. ओळखपत्र म्हणून आधार नको, पासपोर्ट द्या, आणि नाव पासपोर्टावर आहे तसंच्या तसं भरा. मंजुरीला दोन-तीन दिवस धरा. पैसे तुमच्या इथल्या कार्डावरून भरा. भेटीचे पैसे आणि कमिसरीचे (जेलमधल्या दुकानाचे) पैसे बहुतेक ठिकाणी वेगळ्या खात्यांत जातात, मी पहिल्यांदा चुकीच्या खात्यात टाकले होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भेट रेकॉर्ड होते. मराठीत बोललं म्हणून काही झाकलं जात नाही, सरकारी वकील भाषांतर करून घेऊ शकतात. "काय झालं रे नक्की?" हा प्रश्न कुठल्याही आईच्या तोंडी पहिला येणार. तो विचारायचा नाही, हे ताईंना आदल्या दिवशी शांतपणे सांगा, आणि भेटीच्या आधी पुन्हा सांगा. केसचं बोलणं फक्त वकिलाशी.

तो स्टुडंट व्हिसावर असेल तर जामीन भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. इमिग्रेशननं होल्ड टाकला असेल, म्हणजे सोडताना आमच्या ताब्यात द्या असं जेलला कळवलं असेल, तर जामिनावर सुटलेला मुलगा घरी न येता थेट त्यांच्या ताब्यात जाऊ शकतो. गुन्हा कबूल केल्यास देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका आहे का, हे सांगणं क्रिमिनल वकिलाचंही कर्तव्य आहे, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २०१० सालीच तसं म्हटलंय. ह्यूस्टनच्या आपल्या भारतीय वकिलातीला (कॉन्सुलेटला) कळवावं असं वाटत असेल तर भाच्यानं स्वतः तशी मागणी करायची. १९६३ च्या व्हिएन्ना करारानं तो हक्क त्याला आहे.

आणि तुम्ही स्वतः जाऊन या. टेक्सासच्या २०१५ च्या कायद्यानुसार काउंटी जेलमध्ये आठवड्याला किमान दोन प्रत्यक्ष भेटी, प्रत्येकी वीस मिनिटांच्या, द्याव्या लागतात. मात्र त्याआधीच व्हिडिओची सोय बांधलेल्या काही जेलना सूट आहे, म्हणून चार तास गाडी चालवण्याआधी विचारून घ्या. ताईंनाही सांगा, काचेपलीकडून का होईना, आपल्या माणसानं त्याला बघितलंय याचा फार आधार वाटतो.

रात्री-अपरात्री फोन केलात तरी चालेल.

– अर्विंगचे काका

* * *

काका,

काल भेट झाली. जेलनं बाहेरदेशाला परवानगी दिली, नंबरचं कंपनीनं फोनवर करून दिलं. आमचे रात्रीचे आठ, कराडला पहाटेचे साडेसहा. ताई पाचलाच आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून बसली होती. तिकडे मशीन सुरू व्हायला चार मिनिटं गेली, ती वेळेतूनच कापली. तुम्ही सांगितलं होतं तसं तिनं केसचं एक अक्षर काढलं नाही. पण सारखं विचारत होती, "खाली का बघतोस? माझ्याकडे बघ ना." तो बिचारा तिच्याकडेच बघत होता, कॅमेरा स्क्रीनच्या वर आहे म्हणून नजर खाली दिसते. शेवटी तो म्हणाला, "आई, आता मी तुला बघत नाही, कॅमेऱ्यात बघतो, मग तुला मी दिसेन." आणि तसाच बघत राहिला. मग ती रडली, पण नंतर व्यवस्थित जेवली म्हणून जिजाजींनी कळवलं.

पुढची वेळ गुरुवारची मिळालीय. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आपली घड्याळं मागे जातात, म्हणजे त्यानंतर कराडला साडेसात. ताईच्या कॅलेंडरवर तसं लिहून घ्यायला सांगितलंय.

– मावशी