विंडोज १० च्या जुन्या पीसीवरून मॅक मिनीवर जावे का? (घरगुती डीटीपी, नाशिक)

पावती_पुस्तक

नमस्कार मंडळी. घरूनच डीटीपीचे काम चालते: लग्नपत्रिका, मंडळांची पावती पुस्तके, सोसायटीची पत्रके. पीसी आय३ चौथ्या पिढीचा, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क, विंडोज १०. त्यावर कोरल एक्स३ (डिझाइनसाठी), पेजमेकर ७ (पानांच्या मांडणीसाठी), श्रीलिपी (मराठी टायपिंगसाठी, यूएसबीला लॉक लावला तरच चालणारी) आणि टॅली प्राइम (हिशेबासाठी). प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०, मॉनिटर १९ इंची, मागे फक्त व्हीजीए. टायपिंग टाइपरायटरच्या पद्धतीचे. विंडोज ११ चढत नाही, आणि घरातून "मॅक मिनी घ्या" असा आग्रह आहे. बजेट सगळे धरून ७५ हजार. यातले काय काय मॅकवर चालेल? आणि जुन्या फायलींचे काय? इंदिरानगरमध्ये राहतो, दुकानात चौकशी केली तर "सगळं चालतं" एवढेच उत्तर मिळते.

सातपूरकर

सगळे चालत नाही. तुमच्या यादीतले एकही जसेच्या तसे चालत नाही, हे आधी मनाशी धरा आणि मग ठरवा.

पेजमेकर ७ हा २००१ चा, त्यानंतर तो बंदच झाला. कोरल मॅकवर मिळते, पण २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत, आणि एक्स३ चे लायसन्स तिकडे लागू होत नाही, नवे घ्यावे लागते. टॅली प्राइम फक्त विंडोजवर. श्रीलिपीचा लॉक ओळखायला विंडोजचा ड्रायव्हर लागतो.

"मॅकमध्ये विंडोज टाकून घेऊ" हेही पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. नोव्हेंबर २०२० पासून ॲपलने स्वतःच्या एम मालिकेच्या चिप आणल्या, त्यावर बूट कॅम्प (मॅकवर थेट विंडोज चालवायची सोय) नाही. पॅरलल्ससारख्या (मॅकच्या आत विंडोज चालवणाऱ्या) प्रोग्राममध्ये विंडोज ११ ची एआरएम, म्हणजे या जातीच्या चिपसाठीची, आवृत्ती चालते. त्या विंडोजमध्ये साधे इंटेलवाले प्रोग्राम अनुवाद होऊन चालतात, पण ड्रायव्हरचा अनुवाद होत नाही. तो एआरएमसाठीच बनवलेला असावा लागतो. म्हणून श्रीलिपी उघडेल कदाचित, पण लॉक दिसणार नाही, आणि लॉक दिसला नाही की खेळ खल्लास. डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर त्यालाही हाच नियम.

सोमेश्वर_धबधबा

सातपूरकरांशी सहमत. विंडोज ११ का चढत नाही तेही स्पष्ट करतो, कारण दुकानदार रॅम वाढवून देतो म्हणतात. रॅमचा संबंध नाही. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. युक्त्या करून चढवता येते, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही.

विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. २२एच२ आवृत्ती असेल तर वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येते: सेटिंग्ज, विंडोज अपडेट, तिथे नोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. म्हणजे आजच घाई करून मशीन उचलायची गरज नाही.

गोदाकाठ

मशीन कुठली हा प्रश्न मागाहून येऊ द्या. खरी अडचण जुन्या फायलींची आहे. मॅक घ्या, नवा विंडोज पीसी घ्या, नाहीतर लिनक्सवर जा, हे काम चुकत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

श्रीलिपी, कृतिदेव, सीडॅकचे डीव्हीबी-टीटी हे सगळे युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे फॉन्ट. फाइलमध्ये "क" साठवलेला नसतो, एखादे इंग्रजी चिन्ह साठवलेले असते आणि फॉन्ट त्या जागी क चे चित्र दाखवतो. फॉन्ट गेला की चित्र गेले, उरतो तो कचरा. प्रत्येक कुळाचा नकाशा वेगळा, त्यामुळे श्रीलिपीचा मजकूर डीव्हीबी लावून वाचता येत नाही. फॉन्टची टीटीएफ फाइल मॅकवर बसवली तर जुना मजकूर बऱ्याचदा दिसतो, पण नवे टाइप करता येत नाही, कारण कळा फिरवणारे इंजिन श्रीलिपीत आहे, फॉन्टमध्ये नाही.

तेव्हा जुना पीसी धडधाकट आहे तोवर हे उरका:

१. आधी डिस्क तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) चालवा. "रीॲलोकेटेड सेक्टर" किंवा "करंट पेंडिंग सेक्टर" यांचा कच्चा आकडा शून्याच्या वर असेल तर बाकी सगळे सोडून आधी डिस्कची प्रत काढा. ४८० जीबीची साटा एसएसडी घेऊन क्लोनझिलाने (डिस्कची हुबेहूब प्रत काढणाऱ्या साधनाने) क्लोन करा. नवी डिस्क जुनीपेक्षा थोडी लहान असेल तर क्लोनझिला अडते, म्हणून आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून शेवटचे पार्टिशन ३०-४० जीबीने आक्रसून घ्या आणि तज्ज्ञ मोडमध्ये आकाराची तपासणी वगळा. शेवटच्या पार्टिशनच्या मागे रिकव्हरीचे छोटे पार्टिशन चिकटलेले असेल तर मोकळी झालेली जागा मधेच राहते आणि क्लोन फसतो. ही झंझट नको असेल तर सरळ १ टीबीची घ्या.

२. कोरलच्या प्रत्येक कामाच्या दोन प्रती. एक मूळ, दुसरी सगळे निवडून कन्व्हर्ट टू कर्व्हज (कंट्रोल+क्यू, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार) केलेली. कर्व्ह केलेली प्रत फॉन्टशिवाय कुठेही उघडते, पण तिच्यात शब्द बदलता येत नाही. पॅराग्राफ टेक्स्टची चौकट ओसंडत असेल तर आधी ती मोठी करा, नाहीतर खालच्या ओळी गायब होतात आणि कळतही नाही.

३. पेजमेकरच्या फायली. इनडिझाइनची (पेजमेकरच्या जागी आलेल्या सॉफ्टवेअरची) सीएस६ पर्यंतची आवृत्ती पेजमेकर ६ आणि पुढच्या फायली उघडायची, नंतरच्या उघडत नाहीत. तुमच्याकडे ती नसेल तर प्रत्येक फाइलची फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ काढून ठेवा.

४. पुन्हा लागणारा मजकूर (पत्रिकांचे मायने, सोसायटीचे नियम) कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. आणल्यावर चार जागा डोळ्याने तपासा: रफार (कार्य, सूर्य), पहिली वेलांटी जोडाक्षरासोबत (स्थिती, स्त्रियांचे), "ऱ्या" आणि "ऱ्हा", आणि "ॲ". कन्व्हर्टर "दुसऱ्या" चे "दुसर्या" करून टाकतात, आणि तशी पत्रिका छापून गेली की यजमान पैसे कापतो. "ॲ" ची गोची वेगळी. एकाच अक्षराने बनलेला ॲ आणि "अ" वर अर्धचंद्र ठेवून केलेला अॅ दिसायला एकच, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. सरसकट शोधा-बदला करून एकच ठेवा.

५. बाहेरची डिस्क एक्सफॅट (विंडोज आणि मॅक दोघांना चालणारी डिस्कची मांडणी) करून तिच्यावर घ्या. विंडोजची एनटीएफएस मांडणी मॅक वाचतो, त्यावर लिहीत नाही. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. कॉपीला टेराकॉपी वापरा, व्हेरिफाय चालू ठेवून.

नाशिकरोडचा_नाना

वाचनखूण साठवली. गोदाकाठ, मुद्दा क्रमांक ४ छापखान्यांच्या दारावर लावायला हवा.

टायपिंगबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो, कारण पंधरा-वीस वर्षांची बोटे बदलणे हार्ड डिस्क बदलण्याइतके सोपे नाही. मॅकमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींचा प्रमाणित कीबोर्ड आराखडा) आणि रोमन अक्षरांवरून होणारे लिप्यंतर हे दोन पर्याय आहेत. टाइपरायटरचा रेमिंग्टन आराखडा त्यात नाही. यूकेलेले नावाच्या मोफत साधनाने स्वतःचा आराखडा बनवता येतो, पण रेमिंग्टनमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारतात आणि युनिकोडला ती नंतर हवी असते. एकट्या "कि" पर्यंत निभावते, "स्थि" आला की अर्ध्या अक्षरांशी गाडी अडते. तेव्हा इनस्क्रिप्ट शिकाच. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, "मात्रेवर शिफ्ट मारली की पूर्ण स्वर" हा नियम. आत्ताच्या विंडोज १० वर मराठीचा कीबोर्ड लावून सराव आजपासून सुरू होतो, त्याला मॅक लागत नाही.

सातपूरकर

नानांचे बरोबर. कंट्रोलची सवय मात्र मोडायची गरज नाही. विंडोजचा कीबोर्ड मॅकला लावला की विंडोजची कळ कमांड होते आणि ऑल्ट ऑप्शन होते. कॉपी-पेस्ट कमांडवर असते. सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, मॉडिफायर कीज, तिथे तो कीबोर्ड निवडून कंट्रोल आणि कमांडची अदलाबदल करून टाका. फक्त एक लक्षात ठेवा: भाषा बदलायची कंट्रोल+स्पेस मग विंडोजच्या कळेवर जाते. त्यापेक्षा कॅप्स लॉकने इंग्रजी-मराठी बदलायची सोय इनपुट सोर्सेसमध्ये आहे, ती चालू करा.

आता खर्च. एम४ चा मॅक मिनी (१६ जीबी, २५६ जीबी) २०२४ मध्ये ५९,९०० छापील किमतीला आला. सोबत मॉनिटर, कीबोर्ड, माउस काहीच येत नाही. यूएसबीची जुनी चौकोनी खाच एकही नाही: पुढे दोन यूएसबी-सी, मागे तीन थंडरबोल्ट, एचडीएमआय आणि लॅन. म्हणजे हब आला. रॅम नंतर वाढत नाही. २५६ जीबी डीटीपीला अपुरे, म्हणून बाहेरची एसएसडी आली. व्हीजीए मॉनिटर कन्व्हर्टर लावून चालेल, पण २०१८ पासून मॅकने साध्या मॉनिटरवर अक्षर घोटीव दाखवायची जुनी पद्धत काढली, त्यामुळे कमी घनतेच्या पडद्यावर मराठीची बारीक वळणे पुसट दिसतात. २७ इंची १४४० पी (इंचाला सुमारे १०९ ठिपके) किंवा ४के घ्या. ही सगळी बेरीज आणि वर कोरल, ७५ हजारांत बसत नाही.

जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर नंबर टाकून घ्या. ५९,९०० मध्ये १८ टक्क्यांप्रमाणे ९,१३७ रुपये कर असतो, व्यवसायापुरते त्याचे क्रेडिट मिळते. कंपोझिशनमध्ये (लहान व्यावसायिकांच्या जीएसटी योजनेत) असाल तर नाही.

सोमेश्वर_धबधबा

प्रिंटरही विसरू नका. लेझरजेट १०२० ला स्वतःची बुद्धी नाही. प्रत्येक वेळी चालू झाला की फर्मवेअर कॉम्प्युटरकडून मागून घेतो, आणि एअरप्रिंट (ड्रायव्हरशिवाय छापायची ॲपलची सोय) त्याच्यात नाही. मॅकला तो लावायच्या भानगडीत पडू नका. लिनक्सवर तो एचपीचे एचपीलिप सॉफ्टवेअर आणि त्याचे प्लगइन टाकून चालतो.

माझे मत विचाराल तर या बजेटात विंडोज ११ चा छोटा पीसी. टॅली चालते, प्रिंटरची शक्यता राहते, श्रीलिपीच्या लॉकचा ६४ बिटी ड्रायव्हर आहे का एवढे तपासायचे. १६ बिटी इन्स्टॉलरवाले जुने प्रोग्राम मात्र तिथेही मेले, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटीत येते. टॅलीचे लायसन्स हलवण्याआधी जुन्या मशीनवर "सरेंडर" करा. डिस्क फॉरमॅट केल्यावर आठवले तर फोनाफोनी करत बसावे लागते.

गोदाकाठ

सोमेश्वर, टॅलीपुरते मान्य. डीटीपीत मात्र विंडोज ११ घेऊन पुन्हा श्रीलिपीच पोसायची तर आजचे मरण उद्यावर. ग्राहक मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये पाठवतो, आपण तो श्रीलिपीत उलटा करतो, प्रूफ परत युनिकोडमध्ये येते. या उलथापालथीतच निम्म्या चुका होतात. कोरल एक्स३ मध्ये युनिकोड मराठी मोडते म्हणून लोक अडकले, नव्या कोरलमध्ये ती अडचण नाही.

मॅकवर मराठी फॉन्ट चांगले आहेत. कोहिनूर देवनागरी, आयटीएफ देवनागरी मराठी (यात ल आणि श मराठी वळणाचे, हिंदीचे नाहीत), आणि गंमत म्हणजे श्री देवनागरी ७१४ सुद्धा सिस्टिमसोबत येतो, अर्थात युनिकोड. विंडोजचा मंगल किंवा निर्मला त्यात नसतो, म्हणून वर्डची फाइल उघडली की ओळी सरकतात. इनडिझाइन वापरणार असाल तर परिच्छेदाच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कम्पोझर निवडा, नाहीतर वेलांट्या सुट्या पडतात. कुठलेही नवे सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी चाचणी आवृत्तीत "दुसऱ्या स्थितीतील श्रीमंत स्त्रियांचे वऱ्हाड" एवढे टाइप करून पाहा. हे नीट दिसले तर बाकीचे दिसते.

आणि मॅकवरून छापखान्याला पेनड्राइव्ह देताना "._" ने सुरू होणाऱ्या बारक्या फायली सोबत जातात. विंडोजवाला त्यावर क्लिक करतो आणि "फाइल खराब आहे" म्हणतो. त्यापेक्षा ईमेलने थेट पीडीएफ पाठवा.

पावती_पुस्तक

मनापासून आभार. आता असे ठरते आहे: आधी एसएसडी, फायलींची साफसफाई आणि इनस्क्रिप्ट. जुना पीसी टॅली, श्रीलिपी आणि १०२० साठी ठेवायचा. मिनी बजेट वाढवून नंतर. दोन प्रश्न उरले. जुना पीसी किती दिवस ठेवता येईल, आणि घरच्या इन्व्हर्टरवर मिनी चालेल का? इकडे वळवाच्या वाऱ्यात वीज सारखी डोळे मिचकावते.

सातपूरकर

इन्व्हर्टरवर चालेल. एम४ मिनी रिकामा असताना ४ वॅटच्या आसपास खातो, जास्तीत जास्त ६५. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोड आणि साधा मोड असे बटण असते, ते यूपीएसवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदलायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होते. मॉनिटर आणि बाहेरची डिस्कही त्याच पॉइंटवर हवी. डिस्कची वीज मधेच गेली तर एक्सफॅट लवकर बिघडते, त्याला जर्नल (अर्धवट बदल सावरणारी नोंद) नसते. म्हणून कामाची एसएसडी मॅकवर एपीएफएस (मॅकची स्वतःची मांडणी) करा आणि एक्सफॅट फक्त देवाणघेवाणीच्या पेनड्राइव्हला.

जुना पीसी १३ ऑक्टोबर २०२६ नंतर नेटवरून तोडायचा. लॅनची वायर काढा, वायफायचा डोंगल काढा, फायली पेनड्राइव्हने. टॅलीतून थेट नेटवर काही पाठवत असाल (ई-इनव्हॉइस, बँक) तर ते काम त्याआधी दुसरीकडे हलवा.

नाशिकरोडचा_नाना

बदलाचा मुहूर्तही पाहा. तुळशीच्या लग्नापासून पत्रिका सुरू झाल्या की नवीन मशीनला हात लावू नका. आषाढी एकादशीनंतर लग्ने थांबतात आणि गणपतीची पावती पुस्तके यायला अजून थोडा अवकाश असतो, ते तीन-चार आठवडे घ्या. पहिले काम मंडळाचे द्या. पावती पुस्तकात मजकूर कमी आणि आकडे जास्त, चुकले तरी वऱ्हाड दारात उभे नसते.

पावती_पुस्तक

मंजूर. एक राहिलेच: दुकानात डेमोचा मिनी चालू कुठून करायचा तेच सापडले नाही.

सातपूरकर

बटण खाली आहे. मागच्या डाव्या कोपऱ्याखाली बोट घालायचे. टेबलावर ठेवताना तो कोपरा भिंतीला किंवा हबला चिकटवू नका.