छोटे मालक विम्याच्या विरोधात? इतकं सरसकट नको
वर कुणीतरी म्हटलंय की अमेरिकेतले छोटे व्यावसायिक कामगारांच्या आरोग्यविम्याला कायम आडवे येतात. काही येतात, खरंय. पण त्यांची अडचण कुठे आहे तेही बघा.

मोठ्या कंपन्या बऱ्याचदा विमा विकत घेतच नाहीत. कर्मचाऱ्यांच्या उपचाराची बिलं स्वतःच भरतात, विमा कंपनी नुसती कागदपत्रं सांभाळते. १९७४ च्या एरिसा या कर्मचारी लाभ-योजनांच्या केंद्रीय कायद्यामुळे अशा योजनांना राज्याचे विमा नियम लागूच होत नाहीत. म्हणजे राज्याने ‘अमुक उपचार विम्यात हवाच’ असं ठरवलं, की वाढीव हप्ता आठ माणसांच्या सुतारकामाच्या वर्कशॉपला, आठ हजारांची कंपनी नामानिराळी! आणि त्या विधेयकाच्या सुनावणीला कंपनीचा पगारी माणूस हजर, वर्कशॉपचा मालक मात्र करवतीपाशी. दुकान बंद ठेवून राजधानी गाठणार कोण?

केंद्राची करसवलत आहे म्हणा: पूर्णवेळच्या हिशेबाने २५ पेक्षा कमी कर्मचारी आणि पगार बेताचे असतील तर हप्त्यातल्या मालकाच्या वाट्याच्या ५० टक्क्यांपर्यंत. पण सलग दोनच वर्षं. तिसऱ्या वर्षी कामगाराला काय सांगायचं?

याउलट हवाई राज्य बघा. तिथे १९७४ च्याच राज्य कायद्याने आठवड्याला २० तास काम करणाऱ्याला विमा द्यावाच लागतो, मालक लहान असला तरी. शेजारच्या दुकानालाही तोच नियम असल्याने विमा देणारा स्पर्धेत मागे पडत नाही. एरिसामुळे इतर राज्यांना असा कायदा करता येत नाही, म्हणून छोट्यांच्या संघटनांनी केंद्राकडे हाच मुद्दा लावून धरायला हवा, नुसती ‘नियम कमी करा’ची ओरड नको.