बॉडी फॅट नक्की किती धरायचं? काटा एक सांगतो, मशीन दुसरंच

पळापळ
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये. घरी स्मार्ट काटा आहे, अनवाणी उभं राहायचा, तो बॉडी फॅट २७ टक्के दाखवतो. जिममध्ये दोन्ही हातांत धरायचं मशीन आहे त्यावर २२ येतं, आणि नेटवरच्या कॅलक्युलेटरमध्ये मान, कंबर, उंची टाकली तर २४. तिन्ही एकाच दिवशीचे बरं का. वर गंमत म्हणजे आदल्या दिवशी लांब पळालो आणि नंतर पाणी कमी पडलं की सकाळी वजन कमी पण फॅटचा टक्का वाढलेला! पळून चरबी वाढते का काय? डेक्सा (तो एक्स-रेवाला स्कॅन) करून टाकू का, की चिमट्याने मोजणारं कोणी गाठू? खरा आकडा कुठला?

जुनीखोड
चरबी वाढली नाही हो, पाणी कमी झालं. काटा काय आणि ते हातातलं मशीन काय, दोन्ही अंगातून बारीकसा करंट सोडतात. स्नायूंमध्ये पाणी भरपूर म्हणून तिथून तो सहज जातो, चरबीत पाणी फार कमी म्हणून तिथे अडतो. मशीन मोजतं तो एवढा अडथळाच, बाकी सगळं फॉर्म्युला. पाणी कमी म्हणजे अडथळा जास्त, की लगेच ते म्हणणार फॅट वाढलं. व्यायाम करून लगेच मोजलंत तर बऱ्याचदा उलटं होतं, कातडी गरम असते रक्त जोरात फिरत असतं आणि आकडा कमी येतो, त्यावर खूश होऊ नका.

२७ आणि २२ चं कोडंही सोपंय. काट्याचा करंट एका पायातून वर चढून दुसऱ्यातून खाली उतरतो, पोटाकडे फारसा जातच नाही. हातातलं मशीन हात आणि छाती बघतं. उरलेलं शरीर दोघंही वय, उंची, वजन, स्त्री की पुरुष यावरून अंदाजाने भरतात. ॲपमध्ये वय १० वर्षांनी वाढवून परत उभे राहा, बऱ्याच काट्यांत टक्का हलतो, अंग तेच असून!

चिमटेबहाद्दर
कॅलिपर, म्हणजे तो कातडी धरून मोजायचा चिमटा, स्वस्त आणि मस्त, पण मोजणाऱ्याचा हात बसलेला पाहिजे. जॅक्सन आणि पोलॉक या संशोधकांची तीन जागांची पद्धत सगळ्यात जास्त चालते, पुरुषांची १९७८ ची, छाती-पोट-मांडी. बायकांची १९८० ची, तिच्यात जागा वेगळ्या, दंडाची मागची बाजू, कमरेच्या हाडाच्या वर आणि मांडी. नेहमी उजवी बाजू, नेहमी तोच माणूस, आणि व्यायामाच्या आधी. जागा बोटभर सरकली तरी आकडा बदलतो. आणि चिमट्यात येते ती कातडीखालची चरबी, आतड्यांभोवतीची त्याला दिसतच नाही.

शंकासुर
"खरा आकडा" हा शब्दच काढून टाका राव. माणसाची चरबी थेट मोजायची तर मेल्यावर चिरून मोजावी लागते, जिवंतपणी सगळे अंदाजच. पाण्यात बुडवून वजन करायची पद्धत इतकी वर्षं सगळ्यात भारी मानली, तीही मोजते घनता. मग त्या घनतेवरून टक्का काढायला सिरी नावाच्या शास्त्रज्ञाचं १९६१ चं सूत्र, ४९५ ला घनतेने भागायचं आणि त्यातून ४५० वजा करायचे. त्यात गृहीत काय, तर चरबीची घनता ०.९ आणि बाकी सगळ्या शरीराची १.१. आता हाडं कोणाची भरीव कोणाची ठिसूळ, सगळ्यांना १.१ कसं लागू होणार? आणि चिमट्यांची बरीच सूत्रं बसवलीत ती याच पाण्यातल्या आकड्यांवर, म्हणजे अंदाजावर अंदाज.

डेक्सा त्यातल्या त्यात बरं. दोन वेगळ्या ताकदीचे एक्स-रे वापरून हाड, चरबी आणि बाकीचं वेगळं काढतं, हात-पाय-धड असा हिशोबही देतं, रेडिएशन अगदी कमी. पण मशीन बदललं की तिथेही आकडा हलतो, म्हणून करायचंच तर पुढच्या वेळीही त्याच मशीनवर.

टेपवाली
मी तर म्हणते टक्के सोडा आणि टेप घ्या. ते मान-कंबरवालं कॅलक्युलेटर अमेरिकन नौदलाचं आहे, १९८४ मधलं, बायकांसाठी त्यात नितंबांचा घेरही लागतो. जाड मानेच्या पैलवानाला ते उगाच बारीक ठरवतं. त्यापेक्षा नुसती कंबर बघा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता (हे पुरुषांसाठी खास). उंचीच्या निम्म्याच्या आत असली की बरं. पोटातल्या चरबीचा अंदाज यावरून बराच येतो आणि शुगर, हार्टचा धोका जास्त तिचाच असतो.

बायकांनी अजून एक लक्षात ठेवा, पाळीच्या आसपास अंगात पाणी धरतं, तेव्हा काट्याचे टक्के मनावर घेऊ नका, महिन्यातल्या त्याच दिवसांची तुलना करा.

पळापळ
भारी माहिती! म्हणजे डेक्सा सध्या राहू दे, घरचाच काटा ठेवतो, सकाळी उठल्यावर बाथरूमला जाऊन आलो की काही न खाता, आणि सोबत टेप. एकच विचारायचं राहिलं, बाबांनाही उभं करू का त्यावर? त्यांना पेसमेकर आहे.

जुनीखोड
नाही, अजिबात नको. पेसमेकरवाल्यांनी हा काटा वापरू नये असं बहुतेक काट्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. काहींत नुसतं वजन बघायचा मोड असतो, पण तो चालू केल्यावर करंट खरंच बंद होतो का ते माहितीपत्रकात बघा आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारा. नाहीतर साधा काटा आणि टेपच बरी.