शब्दचर्चा : महाधमनीच्या आनुवंशिक विकारांतील ‘आडबंध’

प्रश्न : महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीच्या) एका आनुवंशिक विकाराविषयी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक लिहीत आहे. तिच्या भिंतीतील कोलॅजेन आणि इलॅस्टिन या प्रथिनांच्या ‘क्रॉस-लिंकिंग’साठी, म्हणजे त्यांच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाण्यासाठी, ‘तिर्यक बंध’, ‘संकरबंध’ आणि ‘आडबंध’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा? तसेच ‘या आजारात प्रथिनांचे बंध तुटतात’ हे वाक्य चालेल का?

उत्तर : आधी वाक्याबद्दल लिहितो, कारण त्यातली चूक शब्दाच्या निवडीपेक्षा गंभीर आहे. आपला विकार लायसिल ऑक्सिडेज या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकातील दोषाचा असेल (महाधमनी फुगण्याशी आणि फाटण्याशी या जनुकाचा संबंध काही कुटुंबांमध्ये 2016 साली दाखवला गेला), तर त्यात बंध तुटत नाहीत, ते मुळात पुरेसे जुळतच नाहीत. हा विकर पेशीबाहेर काम करतो आणि त्यासाठी त्याला तांबे लागते. प्रथिनातील लायसिन या अमिनो आम्लाच्या बाजूच्या साखळीवरचा अमिनो गट काढून तेथे तो अल्डिहाइड गट तयार करतो. पुढची जुळणी आपोआप होते. इलॅस्टिनमध्ये अशी बदललेली तीन लायसिने आणि एक न बदललेले लायसिन एकत्र येऊन डेस्मोसिन नावाचे कडे बनते आणि शेजारच्या साखळ्या त्यात कायमच्या अडकतात. महाधमनीतील इलॅस्टिन बहुतांशी गर्भावस्थेत आणि बालपणीच घडते, त्यामुळे तेव्हा राहिलेली उणीव पुढे भरून निघत नाही. अशा भिंतीतील स्थितिस्थापक पटले, म्हणजे इलॅस्टिनचे पातळ थर, रक्तदाबाखाली कालांतराने खंडित होतात हे खरे आहे. म्हणून ‘तुटणे’ हे क्रियापद पटलांसाठी ठेवावे आणि बंधांसाठी ‘न जुळणे’ वापरावे. ‘बंध तुटतात’ असे वाचल्यावर नातेवाईक साहजिकच विचारतील की ते कशाने तुटले आणि त्यात आमचे काय चुकले. जो दोष जन्मापासूनचा आहे, त्याचे ओझे एका क्रियापदापायी कोणाच्या माथी येऊ नये.

आता शब्द. ‘संकर’ म्हटले की मराठी वाचकाला संकरित बियाणे आठवते, आणि ‘तिर्यक’ हा शब्द केवळ कोन सांगतो. मला ‘आडबंध’ पसंत आहे. कुडाच्या भिंतीत उभ्या कामट्यांना आडव्या कामट्या बांधून भिंत एकजीव करतात, तसेच काम येथे होते. मात्र दोन स्वतंत्र रेणूंना किंवा साखळ्यांना सांधणारा सहसंयुज बंध, एवढ्याच अर्थाने तो वापरावा. मार्फान सिंड्रोममध्ये फिब्रिलिन-1 या प्रथिनाचे जनुक सदोष असते आणि त्यातील अनेक दोष एकाच रेणूच्या घडीतील सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जोड्या बिघडवतात. त्या जोड्यांना ‘डायसल्फाइड बंध’च म्हणावे. रक्तवाहिन्यांच्या एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोममध्ये तर तिसऱ्या प्रकारचे कोलॅजेनच मुळात सदोष असते. या सर्वांना सरसकट ‘आडबंधांचे विकार’ म्हणणे चुकीचे ठरेल. याउलट मेंकेस रोगात पेशीतील तांब्याची वाहतूक बिघडते, लायसिल ऑक्सिडेजला तांबे मिळत नाही आणि रक्तवाहिन्या नागमोडी होतात. तेथे हा शब्द नेमका बसतो.

पत्रकातील आणखी दोन शब्दांकडे लक्ष द्यावे. इलॅस्टिनला ‘लवचिक’ म्हणण्याची सवय आहे, पण वेताची छडीही लवचिकच असते. ताणल्यावर मूळ मापावर परत येणे हा गुण आडबंधांमुळे येतो आणि त्याला पाठ्यपुस्तकातला ‘स्थितिस्थापक’ हाच शब्द योग्य आहे. ‘डिसेक्शन’साठी ‘विच्छेदन’ मात्र अजिबात लिहू नये; नातेवाइकांना शवविच्छेदन आठवेल. ‘डिसेक्शन, म्हणजे महाधमनीचे आतले अस्तर फाटून भिंतीच्या थरांमध्ये रक्त शिरणे’ असे सरळ लिहावे.

पुरवणी प्रश्न : लॅथिरिझममध्येही (लाखोळीच्या प्रजातीतील वनस्पतींच्या बियांमुळे होणाऱ्या आजारातही) हेच आडबंध अडतात असे वाचले आहे. आमच्याकडे भंडारा जिल्ह्यात लाखोळीची डाळ खातात. तिचा महाधमनीशी संबंध आहे का?

उत्तर : एकाच नावाखाली दोन वेगळे आजार आल्यामुळे हा गोंधळ होतो. बागेत फुलांसाठी लावतात त्या स्वीट पीच्या बियांमध्ये लायसिल ऑक्सिडेजला अडवणाऱ्या विषाचे मूळ द्रव्य असते. त्या बिया किंवा ते विष दिलेल्या उंदरांची हाडे वाकतात आणि महाधमनी फुगून फुटते. लाखोळी ही त्याच प्रजातीतील दुसरी वनस्पती आहे. तिच्यातील विष मज्जासंस्थेवर परिणाम करते, आणि ती दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडू शकतात. म्हणून पहिल्या आजाराला ‘अस्थि-लॅथिरिझम’ आणि दुसऱ्याला ‘मज्जा-लॅथिरिझम’ असे पूर्ण नाव द्यावे. आडबंधांचा विषय फक्त पहिल्यात येतो.