इंग्लंडमधलं ग्लास्टनबरी गाव एका दिवसात उरकेल का?

प्रश्न: ब्रिस्टलहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचंय. टॉर (टेकडी), ॲबी (जुना मठ), चॅलिस वेल (झरा नि बाग) जमेल? सोबत साठीतली आई आहे.

– जमेल. गावात रेल्वे स्टेशन नाही, ३७६ नंबरची बस धरा. टॉर १५८ मीटरच, पण वर आडोसा नाही, तिथल्या मनोऱ्याला छप्परही नाही. वाऱ्यात छत्री उलटी होते, जाकीटच न्या.

– आईंना चॅलिस वेलच्या बागेत निवांत बसवा. पाण्यात लोह, म्हणून दगड तांबूस झालेत. जवळच्या व्हाइट स्प्रिंग झऱ्याचं पाणी मात्र चुनखडीचं. त्या झऱ्याच्या इमारतीत अंधार, ओली फरशी. आईंचा हात धरा.

– ॲबीत दंतकथेतल्या राजा आर्थरची कबर ११९१ मध्ये ‘सापडली’. मठ ११८४ मध्ये जळाला होता, बांधकामाला पैसा हवा होता. काय ते समजा!

– ग्लास्टनबरी नावाचा संगीत महोत्सव इथे नसतो, पिल्टन गावाजवळ असतो. तरी जूनअखेर टाळाच, रस्ते तुंबतात.